ज्या ओळीला कप्पा नव्हता

नेव्याना गेर्गिनोवा आमच्या केंद्रात आली तेव्हा आम्ही आपसात पैज लावली होती, ही बाई हिवाळासुद्धा काढायची नाही. राजधानीत, सोफियातल्या बँकेत आयुष्यभर डेटाबेस सांभाळलेली ती. डोंगराखालच्या छोट्या व्रात्साला, तेही म्हाताऱ्याकोताऱ्यांची बटनं बघणाऱ्या जागी, तिचं मन कसं रमणार? पण तिच्या नवऱ्याच्या, क्रस्त्यूच्या, अंगावरून वारं गेलं होतं आणि त्याला गावाकडचा डोंगर खिडकीतून बघायचा होता. ती त्याला घेऊन माहेरच्या घरी आली. पुढे क्रस्त्यू गेला. ती राहिली. पैज आम्ही सगळेच हरलो.

आमचं काम साधं. डोंगरातल्या गावांत आता म्हातारी माणसंच उरलीत, पोरंबाळं इटलीत नाहीतर स्पेनमध्ये. अशा एकट्या माणसाच्या गळ्यात आम्ही एक लाल बटन अडकवतो आणि घरात छोटं यंत्र बसवतो. पडलं, छातीत कळ आली, की बटन दाबायचं. यंत्रावर हिरवा दिवा लागतो, निरोप आमच्या सर्व्हरवर येतो, तिथे एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, त्याची ओळ लिहिली जाते. ओळ लिहिली गेली की आमच्या स्क्रीनवर त्या माणसाचं नाव तांबडं होतं आणि घंटा वाजते. मग मी फोन करते, शेजाऱ्याला पाठवते, नाहीतर रुग्णवाहिका बोलावते. मी स्तान्का. तेव्हाही याच खुर्चीत होते, आजही आहे.

नेव्याना यायच्या आधी सगळ्या गावांच्या ओळी एकाच टेबलात कोंबलेल्या असत. स्क्रीन उघडेपर्यंत आमची कॉफी उकळून थंड व्हायची. तिने ते टेबल गावागावाने फोडलं, एका गावाला एक कप्पा. ओळ आली की तिच्यावरचा गावाचा क्रमांक बघायचा आणि ती आपापल्या कप्प्यात जाऊन बसायची. तिच्या धंद्यात याला पार्टिशन म्हणतात, आम्ही कप्पेच म्हणायचो.

"ताई, माझ्या सासूच्या कपाटालाही एवढे कप्पे नाहीत," मी एकदा म्हटलं.

"म्हणूनच तिला मोजे सापडत नाहीत आणि ती तुझ्यावर ओरडते," ती मान वर न करता म्हणाली.

स्क्रीन मात्र त्या दिवसापासून चुटकीसरशी उघडू लागली. नेव्यानाचं काम तसंच होतं, स्वच्छ. तिच्या टेबलावर पेनसुद्धा वाकडं पडलेलं दिसायचं नाही.

दर जानेवारीत सरकारकडून गावांची नवी यादी यायची. ज्या गावात एकही माणूस नोंदलेला उरला नाही, ते त्या यादीतून गळायचं. आमच्या भागात गावं मरतात ती अशीच, न ओरडता. मग नेव्याना त्या गावाचा कप्पा टेबलापासून सोडवायची आणि जुन्या नोंदींत नेऊन ठेवायची. त्या दिवशी ती कुणाशी फारसं बोलत नसे. एका जानेवारीत त्या यादीतून क्रिवा चेश्मा गळलं.

क्रिवा चेश्माचा शेवटचा नोंदलेला माणूस म्हणजे त्सोलो आजोबा. बायको गेल्यावर त्यांची मुलगी झिव्का त्यांना शहरातल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आली होती आणि कागदोपत्रीही शहरात आणलं होतं. मग तिला इटलीत, बोलोन्याला, एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायचं काम मिळालं. ती गेली. आजोबा सहाव्या मजल्यावर एकटे, गळ्यात आमचं बटन. ते बटन त्यांनी गप्पा मारायला वापरलं.

"स्तान्का, पोरी, लिफ्ट बंद आहे गं."

"आजोबा, लिफ्टसाठी बटन दाबायचं नसतं."

"तसं नव्हे. मी आज मेलो तर मला खाली कसं नेणार, एवढंच विचारतो. उभा नेणार की आडवा?"

आम्ही हसायचो आणि मनातून वाटही बघायचो त्यांच्या घंटेची.

वसंतात ते स्वतः केंद्रात आले. डोक्यावर मेंढीच्या कातड्याची टोपी, हातात बायकोने विणलेली जुनी पिशवी. म्हणाले, "मी परत गावी चाललो. इथे खिडकीतून दुसऱ्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसतं. त्यापेक्षा माझी पडकी भिंत बरी. तुमचं ते यंत्र तिकडे लावून द्या, नाहीतर पोरगी मला जाऊ द्यायची नाही."

नेव्यानाने त्यांना चहा दिला. ते तिच्याकडे बघत राहिले. "आणि तू काय करतेस गं इथे? ही फोनवर बोलते, तो गाडी चालवतो. तू?"

"तुम्ही बटन दाबलं ना आजोबा, की ते जिथे लिहिलं जातं, ते मी सांभाळते."

"म्हणजे पोस्टातली बाई."

"तसंच समजा."

"मग नीट पोचव गं बाई. आमच्या गावची पत्रं फार हरवायची." निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "आता तुम्हाला त्रास द्यायचा नाही. तिकडे दोन शेळ्या घेणार आहे, त्यांच्याशी बोलेन."

एव्लोगी, आमचा यंत्रं बसवणारा, त्यांच्याबरोबर वर गेला. अँटेना धुराड्याला बांधली. कॉम्प्युटरवरच्या गावांच्या लांबलचक यादीत क्रिवा चेश्मा अजून होतं, ते त्याने निवडलं. बटन दाबून बघितलं, हिरवा दिवा लागला. खरं तर त्याने मला फोन करून विचारायला हवं होतं, स्क्रीनवर आलं का म्हणून. पण त्या घरातून मोबाइल लागत नाही, वरच्या टेकाडावर दफनभूमीपर्यंत चढावं लागतं. हिरवा दिवा लागलाय म्हटल्यावर तो कशाला चढेल? मीही चढले नसते.

आता नेव्यानाची बाजू सांगायला हवी. त्या हिवाळ्यात तिच्यामागे एक त्रास लागला होता. जी गावं यादीतून गळली, तिथल्या मेलेल्या माणसांच्या घरांतली यंत्रं आम्ही गोळा केली नव्हती. घराला कुलूप, आत भिंतीवर यंत्र, आणि ते रोज सकाळी इमानेइतबारे निरोप पाठवायचं, मी चालू आहे. निरोप सर्व्हरवर यायचा, ओळ टेबलाकडे जायची, पण त्या गावाचा कप्पा काढलेला. मग डेटाबेस ती ओळ परत फेकायचा आणि नेव्यानाला मेल जायची, या ओळीसाठी कप्पा सापडला नाही. रोज सकाळी अशा मेलींचा ढीग.

ती आमच्या साहेबांकडे, अंतोवकडे गेली. मी तिथेच होते.

"साहेब, रिकाम्या घरांतली यंत्रं काढून आणायला हवीत. एव्लोगीला गाडी द्या."

"नेव्याना, जिवंत माणसांकडे जायला गाडी पुरत नाही. मेलेल्यांकडे कुठून पाठवू? बघू उन्हाळ्यात."

ती परत आली, खुर्चीत बसली आणि तिने एक नियम लिहिला. कप्पा सापडला नाही अशी तक्रार असेल तर मेल पाठवू नये, नुसती फायलीत टाकावी. मला म्हणाली, "स्तान्का, मेलेली माणसं रोज सकाळी मला हाका मारतात गं. थोडा वेळ दार लावून घेते."

मलाही ते बरोबरच वाटलं. उन्हाळा आला नि गेला, गाडी काही मिळाली नाही. नियम तसाच राहिला.

आजोबांनी शब्द पाळला. गप्पांसाठी बटन दाबलं नाही. अधूनमधून टेकाडावर चढून मोबाइलवरून फोन करायचे, शेळीचं कौतुक सांगायचे. आमचा प्रोग्राम कुठलं यंत्र गप्प झालंय ते रोज तपासतो, पण तोही कप्प्याकप्प्यानेच बघत जायचा. ज्या गावाला कप्पाच नाही, तिथे तो डोकवायचा नाही. आम्हाला वाटलं, म्हातारा सुखात आहे.

नोव्हेंबरात असेन नावाचा पावाच्या गाडीवाला त्यांच्या अंगणात शिरला, कारण दर खेपेला फाटकाशी उभं राहून त्याला शिव्या घालणारे आजोबा दिसले नाहीत. तळघराच्या पायऱ्यांखाली ते पडलेले होते. खुबा मोडला होता. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या गेले नाहीत, थंडीने गेले. बटन मुठीत होतं. असेनने मला हे फोनवर सांगितलं आणि एवढंच विचारलं, "तुमच्याकडे काहीच वाजलं नाही का?"

काहीच वाजलं नव्हतं.

अंतोव साहेबांनी आम्हाला बोलावलं. "एक तर रेंज गेली असेल, नाहीतर आजोबांनी दाबलंच नसेल. घाबरून मुठीत धरलं असेल नुसतं. वय झालं होतं."

नेव्याना तिथून उठली. ती तिच्या जागेवर जाऊन बसली. मी तिच्यासमोर बनित्साची, म्हणजे चीज भरलेल्या पेस्ट्रीची, बशी ठेवली, ती तशीच गार झाली. तिने आधी मोबाइल कंपनीकडून यंत्राचं सिम तपासून घेतलं. सिम चालू होतं, निरोप गेलेले होते. मग तिने निरोप घेणारा प्रोग्राम बघितला. निरोप आलेलेही होते, आणि त्यानेच तिकडे हिरवा दिवा लावला होता. निरोप हातात आला की तो दिवा लावायचा. पुढे ओळ टेबलात बसली की नाही, हे बघायला तो थांबायचाच नाही.

मग तिने ती फाईल उघडली, जिचं दार तिने लावून घेतलं होतं.

मी तिच्या मागे उभी होते. मेलेल्यांच्या घरांचे ते रोजचे निरोप होते. ओळीमागून ओळ, सगळ्या एकसारख्या. आणि त्यांच्या गर्दीत क्रिवा चेश्मा, त्सोलो, मदत. या ओळीसाठी कप्पा सापडला नाही. लगेच पुन्हा तेच. पुन्हा. आधी भराभर, जसा माणूस दार ठोठावतो. मग मधलं अंतर वाढत गेलेलं. मग बराच वेळ काही नाही. मग एकदा.

नेव्यानाने स्क्रीनवर बोट ठेवलं, त्या शेवटच्या ओळीखाली. तिचं नख पांढरं पडलं होतं.

"मी म्हटलं होतं, नीट पोचवेन," ती म्हणाली.

"ताई, तू तसं म्हणाली नव्हतीस."

"मग म्हणायला हवं होतं."

ती रडली नाही. कामाला लागली. तिने टेबलाला एक जादा कप्पा जोडला, ज्या ओळीला कुठेच जागा नसेल ती त्यात पडावी म्हणून. स्क्रीनला त्या कप्प्याकडेही बघायला शिकवलं. लिहून झाल्याशिवाय हिरवा दिवा लागणार नाही, असं केलं. तो मेलींचा नियम खोडून टाकला. सगळं मिळून एका दुपारचं काम. तेवढंच होतं ते. हे बघताना मला कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं.

मग तिने फेकलेल्या ओळी त्या नव्या कप्प्यात घातल्या. म्हणाली, "आल्या होत्या, तर लिहिल्या गेल्या पाहिजेत."

माझी स्क्रीन तांबडी झाली. घंटा वाजली. त्सोलो, क्रिवा चेश्मा. पुन्हा घंटा. पुन्हा. नेव्यानाच्या ध्यानातच आलं नव्हतं की ओळ लिहिली की घंटा वाजणारच. खोलीतले सगळे उठून उभे राहिले. आणि माझा हात सवयीने गेला, मी हेडफोन कानाला लावला आणि म्हणाले, "बोला आजोबा."

पलीकडे कुणी नव्हतं. नेव्याना धावत आली आणि तिने माझ्या कानावरून हेडफोन काढला. एकेक घंटा बंद करत राहिली. भराभर आलेल्या त्या आधीच्या, आणि शेवटची ती एकटी.

अंतोव साहेबांनी दुसऱ्याच दिवशी तिला समजावलं. ते काही राक्षस नव्हते, केंद्र बंद पडलं तर शेकडो म्हाताऱ्यांचं काय, ही त्यांची खरी काळजी होती. "अहवालात रेंजचा अडथळा लिहू. त्या मुलीला तरी कळून काय मिळणार आहे?"

"तिला वाटतंय बाबांनी बटन दाबलं नाही."

"वाटू दे ना. त्यात कुणाचा दोष नाही."

"मग तो आजोबांवर येतो की," नेव्याना म्हणाली.

माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे प्रार्थना असते, त्या प्रार्थनेला मी तिला माझ्या गाडीतून वर क्रिवा चेश्माला घेऊन गेले. टेकाडावर बर्फ होतं. पाद्री शेजारच्या गावाहून आला होता. झिव्काने थडग्यावर वाईन ओतली, उकडलेले गोड गहू वाटले. माणसं मोजकीच होती, असेन त्यातला एक. प्रार्थना झाल्यावर नेव्याना पुढे गेली.

"झिव्का, मी केंद्रातून आले. तुमच्या बाबांनी दाबलेलं जिथे लिहिलं जातं, ते मी सांभाळते."

"तुमचे साहेब बोलले माझ्याशी. रेंज नव्हती म्हणे. नाहीतर त्यांनी दाबलं नसेल."

"रेंज होती. त्यांनी दाबलं होतं. आमच्याकडे पोचलंही होतं. लिहून घ्यायला गावाचा कप्पा नव्हता. तो मी काढला होता. आणि तशी तक्रार यायची, ती मी मला दिसू नये अशी करून ठेवली होती."

झिव्का हातातलं भांडं धरून उभी होती. "दाबलं होतं?"

"हो."

"मी त्यांच्यावर चिडले होते. आत्ता थडग्याशी उभी राहूनसुद्धा चिडलेच होते. म्हटलं, हट्टी म्हातारा, गळ्यात असून दाबलं नाही, कुणाला त्रास नको म्हणून." तिने श्वास घेतला. "कितीदा?"

"खूपदा."

"कधीपर्यंत?"

नेव्याना माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिने बघितलं नाही. "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत."

मग झिव्का हळू आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं म्हणाली, "बोलोन्यात मी जिच्याकडे असते ना, तिच्याही गळ्यात असंच आहे. ती दाबते, मी शेजारच्या खोलीतून पळत जाते. उशी सरळ करून दे म्हणते. मी करते."

"झिव्का, मी..."

"काही बोलू नका." तिने कागदाच्या पेल्यात गहू घातले आणि नेव्यानाच्या हातात दिले. "मेलेल्याचे गहू कुणाला नाही म्हणत नाहीत. घेऊन जा. पण माझ्यासमोर खाऊ नका."

खाली येताना पूर्ण रस्ताभर नेव्यानाने तो पेला दोन्ही हातांत धरला होता. घाटाच्या वळणांवरसुद्धा एक दाणा सांडू दिला नाही. तिच्या घरासमोर गाडी थांबवली तेव्हा म्हणाली, "तू चल आत." आम्ही दोघींनी तिच्या स्वयंपाकघरात, अंगातले कोट न काढता, ते गहू खाल्ले.

झिव्का कोर्टात गेली. नेव्यानाने तिथेही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. निकाल केंद्राविरुद्ध लागला, अंतोव साहेबांनी राजीनामा दिला, केंद्र दुसऱ्या संस्थेकडे गेलं. नेव्यानाला कुणी शिक्षा केली नाही. तिने दाखवून दिलं म्हणून दोष सापडला, असं न्यायाधीश बाई म्हणाल्या. बाहेर पायऱ्यांवर ती मला म्हणाली, "कौतुक केलं गं माझं. आता हे कुठे ठेवू?"

नव्या साहेबांनी गाडी दिली. एव्लोगी आणि नेव्याना कुलुपं लागलेल्या घरांतून यंत्रं गोळा करत हिंडले. एव्लोगी सांगतो, एकेका घरात छप्पर खाली आलेलं असायचं, देवाच्या तसबिरीवर बुरशी, आणि कोपऱ्यात ते यंत्र लुकलुकत असायचं. गावाला वीज चालू आहे तोवर ते चालूच. नेव्याना वायर काढायच्या आधी क्षणभर हात त्यावर ठेवायची. पहिल्या दिवशी एव्लोगी थट्टेत म्हणाला, "ताई, आता हे शांत झोपतील." ती इतकी रडली की त्याला गाडी रस्त्याकडेला घ्यावी लागली. मग त्याने पुन्हा थट्टा केली नाही. शेवटचं यंत्र आणल्यावर तिने नोकरी सोडली.

सोफियाहून तिला बोलावणी आली. चांगल्या कंपन्या, मोठे डेटाबेस. ती गेली नाही. आता शेजारच्या मेझ्द्रा गावाच्या वाटेवरच्या काचघरात टोमॅटोची रोपं लावते. केस आखूड कापलेत, हात काळवंडलेत. त्यात तिला सुख वाटतं असं मी म्हणणार नाही. रविवारी मी जाते, आम्ही मिरच्या भाजतो, ती कमी बोलते. कधी मध्येच थांबते, कान देते, मग म्हणते, "काही नाही, काही नाही."

गेल्या शरदात मला झिव्काचा फोन आला. बोलोन्याहून. बाबांच्या घराचं छप्पर वाऱ्याने उडालंय, असेन म्हणतो, आत पाणी जातंय. कुणी माणूस मिळेल का? मी म्हटलं, बघते. नेव्यानाला सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार? ती एव्लोगीला घेऊन वर गेली. दोघांनी जुनी कौलं वेचून पुन्हा बसवली, धुराडं बांधून घेतलं. परत आली तेव्हा तिच्या कोपराला खरचटलं होतं.

झिव्काने मला फोनवर विचारलं, "कुणी केलं?"

मी सांगितलं.

पलीकडे बराच वेळ कपबश्यांचा आवाज येत होता, कुणी म्हातारी बाई इटालियनमध्ये काहीतरी मागत होती. मग झिव्का म्हणाली, "तिला सांग, मागच्या बाजूला उंबऱ्यापाशीही गळतं. बाबा तिथे पत्रा ठेवायचे."

मी नेव्यानाला सांगितलं. ती पुढच्याच शनिवारी पत्रा घेऊन गेली. टेकाडावरच्या त्या दिवसानंतर दोघी एकमेकींशी अजून बोललेल्या नाहीत. काय असेल ते एक मला सांगते, मी दुसरीला.